दोन्ही सेन्सर एकदम शून्यावर आले तेव्हा

माझ्या फिशटँकचा कंट्रोलर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालतो (पुढे त्यालाच नुसतं ‘पाय’ म्हटलंय). टाकीत एक आणि खालच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) एक, असे डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरचे दोन वॉटरप्रूफ प्रोब एकाच डेटा वायरवर जोडलेले आहेत. टाकीतलं तापमान बघून रिले, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, हीटर चालू-बंद करतो. मध्यंतरी स्क्रीनवर दोन्हीकडे ०.० अंश दिसायला लागलं. हीटर अर्थातच चालू होता, कारण कंट्रोलरच्या लेखी पाणी गोठायला आलं होतं.

आधी हीटरचा प्लग काढला, मगच पाण्याला हात लावला. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे, त्यानेच मासे वाचवले. तो नसलेला हीटर मी कोणत्याही घरगुती कंट्रोलरला जोडणार नाही.

कोड नीटच होता. प्रत्येक रीडिंगची सीआरसी (डेटा वाटेत बिघडला नाही ना, हे तपासायचा सोबतचा आकडा) तपासूनच तो आकडा घेत होता, आणि शून्याच्या रीडिंगलाही सीआरसी बरोबर असल्याचा ‘येस’ येत होता. उलगडा व्हायला वेळ लागला. डेटा वायर ग्राउंडला चिकटली की पायला सगळे बिट शून्यच वाचायला मिळतात, आणि सगळ्या शून्यांची सीआरसीही शून्यच येते. म्हणजे तपासणी पास, तापमान शून्य. ८५ अंश आले असते तर लगेच ओळखलं असतं. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत हा सेन्सर ८५च सांगतो, त्यामुळे तो आकडा दिसला की सप्लायची वायर सैल आहे का ते बघायचं. शून्य मात्र खऱ्या तापमानासारखं दिसतं.

दोन सेन्सर एकाच क्षणी बिघडणं अवघड, म्हणून संशय सामाईक वायरवर. मल्टिमीटर लावला. डेटा आणि ग्राउंडमध्ये ३.३ व्होल्टच्या आसपास हवे होते, मिळाले जवळपास शून्य. पाय बंद करून ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (डेटा वायरला एरवी ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा) मोजला, तो ठीक. (हा रेझिस्टर ३.३ व्होल्टलाच जोडायचा. ५ व्होल्टला जोडला तर पायची पिन जाऊ शकते.) मग एकेक प्रोब काढून पाहिला. संपमधला काढताच व्होल्टेज परत आलं आणि टाकीतला सेन्सर खरं तापमान दाखवू लागला.

काढलेला प्रोब कोरडा करून ठेवला, तर काही वेळाने तोही व्यवस्थित चालला! इथेच फसायला होतं. पाण्यात सोडला की पुन्हा तेच. स्टीलच्या नळीच्या तोंडाशी, केबल आत शिरते तिथलं सील सुटलं होतं आणि पाणी आत झिरपत होतं. असा प्रोब सरळ बाद करावा. नवा घेतल्यावर केबलच्या तोंडाशी इपॉक्सी भरलं आणि प्रोब उभा, तोंड पाण्याच्या वर राहील असा लावला.

ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून, ढवळून, नवा आणि टाकीतला जुना असे दोन्ही प्रोब त्यात बुडवले. दोन्ही शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत आले. या सेन्सरची अचूकता तेवढीच असते, त्यामुळे दोन प्रोबमधल्या किरकोळ फरकामागे मी लागत नाही.

कोडमध्येही आता सीआरसीच्या जोडीला आणखी अटी आहेत. १५ ते ३५ अंशांबाहेरचं रीडिंग फेकायचं, आधीच्या रीडिंगपासून अचानक उडी मारणारंही फेकायचं, आणि लागोपाठ काही रीडिंग बाद झाली तर हीटर बंद करून अलार्म वाजवायचा. भरलेली टाकी गार व्हायला तास लागतात, तेवढ्या वेळात माणूस येऊन बघू शकतो.