बुधवार, पंचमी आणि सहाचा ठोका

विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत, २० नोव्हेंबर रोजी, नवी मुंबईतील बेलापूर मतदारसंघात, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. मी ठाण्याचा, पेशाने शिक्षक. त्या गावाशी माझा संबंध एका दिवसापुरताच आला. तरीही त्या दिवशीची संध्याकाळ अजून डोक्यातून गेलेली नाही.

पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचे मतदान करायचे, किमान ५० मते टाकून यंत्राचा निकाल आणि दिलेले मत कागदावर छापणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवून दाखवायच्या, मग ती मते न चुकता पुसायची आणि सात वाजता खरे मतदान सुरू करायचे, हे सारे सुरळीत पार पडले. अडचण नऊच्या आकड्यापासून सुरू झाली. दर दोन तासांनी स्त्री-पुरुष मतदानाचा आकडा वर कळवावा लागतो. आमचा नऊचा आकडा लाजिरवाणा होता आणि अकराचाही फारसा बरा नव्हता. क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन आला, ‘टक्का का वाढत नाही?’ टक्का वाढवणे जणू केंद्राध्यक्षाच्या हातात असते! बाहेर दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी तोवर आपापला निष्कर्ष काढून ठेवला होता : कोळीवाडा नाराज आहे. जेट्टी, कोळीवाड्याचे सीमांकन, गावकऱ्यांनी गरजेपोटी परवानगीविना बांधलेली घरे, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळायचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड, ज्याला जे कारण सोयीचे वाटले ते त्याने पुढे केले.

खरे कारण आमच्या बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्या, अंगणवाडी सेविकेने सांगितले. “सर, आज बुधवार. बाया बाजारात बसल्यात, दुपारशिवाय यायच्या नाहीत. आणि आज पंचमी. तिथीची पाऊणपट करा.” पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, ही त्या दिवशीच्या भरतीची ढोबळ वेळ. पाणी चढल्याशिवाय होड्या गाळातून धक्क्याला लागत नाहीत. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार पाळणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे बुधवारची विक्री मासळीवाल्या बाईला सोडवत नाही. एवढा साधा हिशेब जिल्ह्यातल्या कोणत्याही तक्त्यात नव्हता.

दोननंतर बायका आल्या आणि शाईचा प्रश्न उभा राहिला. दिवसभर मासळी हाताळलेल्या बोटावर तेलाचा थर असतो. त्यावर शाई लावली तर ती धरत नाही आणि पुसली जाते. नियमाप्रमाणे बोट आधी स्वच्छ पुसायला हवे. आमच्या दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याने सकाळपासून कोरड्या बोटांवर सफाईने रेघा ओढल्या होत्या. आता प्रत्येक तर्जनी फडक्याने पुसून, नखाच्या कडेपासून कातडीपर्यंत रेघ ओढून, ती वाळेपर्यंत हात धरून ठेवणे त्याच्या जिवावर आले. एका आजीने स्वतःच्या पदराने बोट पुसून पुढे केले. त्या बोटावर नख जवळजवळ नव्हतेच, नुसती सुरीच्या वारांची जाड कातडी होती. तिथे रेघ नीट उमटवायला तीन वेळा कांडी बुडवावी लागली.

चारनंतर पुरुषांची रांग वाढत गेली. या मतदारसंघात पक्षाच्या नावावरून कल ओळखणे तसे कठीण आहे. २०१४ मध्ये मंदा म्हात्रे यांनी गणेश नाईक यांना हरवले तेव्हा नाईक राष्ट्रवादीचे उमेदवार होते. २०२४ मध्ये तेच नाईक शेजारच्या ऐरोलीतून भाजपचे उमेदवार होते आणि त्यांचे चिरंजीव संदीप नाईक बेलापुरात भाजपच्या म्हात्रे यांच्याविरुद्ध शरद पवारांच्या पक्षाकडून लढत होते. चिन्हे बदलतात, पण गल्ल्यांचा कल प्रतिनिधींना पाठ असतो, कारण नमुना २० या अंतिम निकालपत्रकात प्रत्येक केंद्राचा निकाल स्वतंत्र छापला जातो. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळण्याची सोय होती. यंत्रांसाठी निवडणूक आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर, म्हणजे अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे उपकरण, सुचवला, पण तो वापरात आला नाही. मत गुप्त राहते. गल्ली मात्र उघडी पडते.

सहा वाजता रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्याव्या लागतात. सहाला काही मिनिटे उरली असताना मी त्यासाठी उठलो आणि तेवढ्यात पाचच्या आकड्यातील एका फरकावरून पुन्हा फोन आला. तो संपवून बाहेर आलो तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये सहा वाजून दोन मिनिटे झाली होती, हवालदाराने फाटक लावले होते आणि फाटकाबाहेर ओल्या कपड्यांतले पाच जण उभे होते. त्यांच्या होडीचे इंजिन वाटेत बंद पडले होते. ते म्हणत, आम्ही सहाच्या आत आलो. हवालदार म्हणत होता, नाही.

त्यांना आत घ्यावे असे एका प्रतिनिधीने हिरिरीने सांगितले, दुसऱ्याने तितक्याच हिरिरीने नियम वाचून दाखवला. त्याच दुपारी एका मतदाराच्या ओळखपत्रावरून वाद झाला, तेव्हा या दोघांच्या भूमिका नेमक्या उलट होत्या. ते पाच जण कोणत्या गल्लीतले, हे दोघांनाही ठाऊक होते. मी हवालदाराचा शब्द मानला आणि आतल्या रांगेला चिठ्ठ्या दिल्या. ती रांग संपायला रात्र झाली.

पुढे राज्यभर वाद पेटला. पाच वाजताचा ५८.२२ टक्क्यांचा अंदाज अखेरीस ६६.०५ वर कसा गेला, यावर शंका घेतल्या गेल्या. राज्याचे मला सांगता येणार नाही. माझ्या केंद्रावरच्या वाढीचे कारण मात्र मी फडक्याने पुसलेल्या बोटांसकट पाहिले होते. बेलापूरचा निकाल ३७७ मतांनी लागला. पाच मतांनी त्यात काही बदलले नसते. पण फोन न घेता मी वेळेवर फाटकाशी गेलो असतो, तर ते पाच जण खरोखर कधी आले हे मला माझ्या डोळ्यांनी कळले असते.

निकालानंतर आठवड्याने बीएलओ ताईंचा फोन आला. त्या पाचांपैकी एकाने विचारायला सांगितले होते, मत न दिल्यामुळे यादीतून नाव कापतील का? मी म्हणालो, तेवढ्यासाठी कापत नाहीत.

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “तो तेवढ्यासाठीच घाबरला होता.”