गुडघ्याच्या पॅडची पँट आणि फोमचा ‘३०’ : माझा अनुभव

फोमची ऑर्डर देताना फॉर्मवर कडकपणाचा रकाना नसेल, तर तो स्वतः आखून घ्या, त्यात आकडा लिहा आणि तो आकडा कोणत्या मोजणीचा आहे हेही त्याच्यापुढे लिहा. खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींसाठी गुडघ्यावर काढता-घालता येणारे पॅड असलेली पँट तयार करताना माझा सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त संताप त्या एका नसलेल्या रकान्यापायी खर्ची पडला. पँट शेवटी मनासारखी झाली आणि आज ती मैदानावर दिसते याचा मला अभिमान आहे. पण त्या फॉर्मची आठवण निघाली की अजूनही राग येतो.

सोलापुरात आमचे शालेय गणवेश शिवण्याचे छोटे युनिट आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. त्यानंतर आमच्याकडे गणवेशाच्या जोडीने संघाच्या किटचीही विचारणा होऊ लागली. आक्रमण करणारा खेळाडू सूर मारतो तेव्हा मुरमाच्या मैदानावर त्याचा गुडघा सोलवटून निघतो. वरून चढवायच्या नीकॅपचा उपयोग होतो, पण धावताना त्या खाली घसरतात, घट्ट घेतल्या तर गुडघ्यामागे रुततात, आणि ‘खो’ मिळताच उठून पळायचे असते तेव्हा त्या सावरायला सवड नसते. पॅड पँटमध्येच असावे ही मागणी प्रशिक्षकांचीच होती. त्यांच्यापैकी काहींना ते कायमचे शिवलेले हवे होते, कारण सुटे पॅड मुले हरवतात. लहान गटासाठी मी ते मान्य केले. मोठ्यांसाठी मात्र सुट्या पॅडचाच आग्रह धरला, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात पँट रोज धुवावी लागते आणि फोम आत असलेली पँट लवकर वाळत नाही.

कापडाची निवड, शिलाई आणि रंग यांत काही अडले नाही. फोर-वे, म्हणजे आडवे-उभे ताणणारे लायक्राचे कापड, ओव्हरलॉकची जोडशिवण, वरून फ्लॅटलॉकची सपाट शिवण आणि खिशाच्या कोपऱ्यांना बारटॅकचे मजबूत टाके एवढे आमच्या कारागिरांच्या हातचेच आहे. फक्त एक गोष्ट पाळावी: जानेवारीपासून शाळा सुरू होईपर्यंत सोलापुरातल्या कोणत्याही युनिटला नव्या सॅम्पलसाठी गळ घालू नये. गणवेशाचा हंगाम चालू असताना मशीन मोकळी मिळत नाही, आणि मिळाली तरी काम घाईत उरकले जाते.

पॅडची जागा ठरवताना आमच्या कटिंग मास्तरांचा अनुभव कामी आला. मी टेप घेऊन एका मुलीच्या गुडघ्याच्या वाटीवर खूण करायला निघाले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, उभं राहून गुडघा मोजू नका. तिला जमिनीवर टेकू द्या, मग खडू लावा.” मुलगी गुडघे टेकून ताठ बसली तेव्हा दिसले की भार वाटीवर कमी आणि वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर जास्त येतो, ती पुढे झुकली की तोच भार वाटीवर सरकतो. म्हणून आमचे पॅड वाटीच्या वर थोडे आणि खाली बरेच उतरते. गुडघा वाकला की पायचा वर ओढला जातो, म्हणून घोट्याशी रिब लावली, आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना छोटे टक घेऊन पायचा मुळातच किंचित वाकलेला ठेवला. त्यामुळे पॅड जागचे हलत नाही.

आता फोमविषयी. आम्ही ईव्हीए फोम निवडला, कारण तो बंद छिद्रांचा असतो आणि घाम शोषत नाही. उशी-गादीतला साधा पीयू फोम घाम पितो आणि वाळायला वेळ घेतो. परगावच्या एका विक्रेत्याने वेगवेगळ्या कडकपणाचे, हाताच्या पंजाएवढे नमुने पाठवले होते. त्यांपैकी १० मिलिमीटर जाडीचा, ‘३० शोअर’ (शोअर हे कडकपणाचे माप) असे लिहिलेला तुकडा आम्हाला पसंत पडला. शहाबादी फरशीवर मुरमाचा एक टोकदार खडा ठेवून त्यावर तो तुकडा ठेवला आणि मी स्वतः गुडघा टेकला, तर खडा जाणवला पण बोचला नाही. त्या आधारावर ऑर्डर दिली. विक्रेत्याच्या छापील फॉर्मवर जाडी, रंग, शीटची लांबी-रुंदी आणि नग एवढेच रकाने होते. कडकपणा मी फोनवर सांगितला, ‘तीस’, आणि पलीकडून ‘हो, तीस’ असे उत्तर आले.

माल आला आणि पहिलीच शीट दोन बोटांत दाबल्यावर माझ्या पोटात गोळा आला. जाडी बरोबर होती, रंग बरोबर होता, पण अंगठा दाबला की तो थेट पलीकडच्या बोटाला लागत होता. फरशीवरच्या त्याच खड्याची परीक्षा घेतली, तर गुडघा टेकताच खडा हाडाला भिडला. असला फोम पँटमध्ये घालून मुलांना सूर मारायला सांगणे म्हणजे त्यांची फसवणूकच झाली असती. मी फोन केला. “मॅडम, जाडी बरोबर आहे ना? मग माल ऑर्डरप्रमाणेच आहे,” असे उत्तर मिळाले. नमुना वेगळा होता असे सांगितल्यावर, कडकपणा फॉर्मवर नसल्यामुळे तक्रार नोंदवता येत नाही, असे सांगण्यात आले. ज्या फॉर्मवर लिहायला जागाच नाही, तिथे ते लिहिले नाही म्हणून माझी तक्रार घेतली जात नव्हती. पुढच्या फोनला ‘साहेब बाहेर आहेत’, त्यानंतरच्या फोनला ‘लेखी अहवाल पाठवा’, आणि मेल पाठवल्यावर शांतता. इकडे पॅड कापायची डाय तयार होऊन पडली होती, शिवलेल्या पँटांचे गठ्ठे गुडघ्याचे खिसे रिकामे ठेवून रचले होते आणि प्रशिक्षक स्पर्धेची तारीख आठवण करून देत होते.

वाट मोकळी झाली ती अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, ओळखीतल्या एका रबरी वस्तूंच्या कारखान्यात. तिथल्या सुपरवायझरांनी नमुन्याच्या तुकड्यावर कडकपणा मोजायचे छोटे घड्याळवजा यंत्र टेकवले, तर काटा तिशीच्या आसपास थांबला. आलेल्या शीटवर तो त्याच्या निम्म्यावरही गेला नाही. मग त्यांनी दुसरे यंत्र काढले, तर शीट त्यावर बरोबर तीस दाखवू लागली. रबरासाठी ‘शोअर ए’ वापरतात, मऊ फोमसाठी बहुतेक वेळा ‘सी’ प्रकारची (‘अ‍ॅस्कर सी’) मोजणी वापरतात, आणि या दोहोंचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत: एकच फोम ‘ए’वर कमी आणि ‘सी’वर जास्त दाखवतो. नमुन्यावरचे तीस ‘ए’चे होते, मालाचे तीस ‘सी’चे. दोन्ही यंत्रांचे काटे, नमुना आणि शीट एकत्र दिसतील असे फोटो काढून पाठवल्यावर विक्रेत्याने माल बदलून देण्याचे कबूल केले. वाहतुकीचा खर्च मात्र आमच्या माथी मारला, आणि तो मी आजही अन्याय्य मानते. बदललेला माल आला त्या दिवशी सगळ्या कारागिरांना चहा आणि गरम भजी मागवली.

एवढ्यावरून घेण्यासारखे ते सांगते. ऑर्डरवर जाडी, ‘शोअर ए’ किंवा ‘अ‍ॅस्कर सी’ आणि आकडा हे तिन्ही लिहा, आणि मंजूर नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी एकेक ठेवा. माल उतरवून घेतानाच खड्याची परीक्षा करा. तिला यंत्र लागत नाही. जाड पॅड म्हणजे चांगले पॅड असे नाही, कारण एकसंध जाड तुकडा फळीसारखा ताठ राहतो आणि उठताना आडवा येतो. आम्ही पॅडला आडव्या खाचा पाडतो आणि कडा तिरप्या तासतो.

खिशाविषयी सांगायचे राहिले. खिसा आतल्या बाजूने असावा, पण त्याचे तोंड वर ठेवू नये. पँट घालताना पायाची बोटे त्यात अडकतात. आम्ही तोंड बाहेरच्या बाजूशिवणीकडे ठेवून त्यावर दीड इंच कापड दुमडून घेतले. वेल्क्रो लावायचा मोह टाळला, कारण त्याची काट्यांची बाजू धुण्यात लायक्राला ओढते आणि कापडावर गोळे येतात.

पॅडवर ‘प्रमाणित’ असे छापावे, असा सल्ला एका व्यापाऱ्याने दिला होता. तो मी मानला नाही. युरोपात ईएन १४४०४ हे मानक गुडघ्यावर बसून काम करणाऱ्यांच्या पॅडसाठी आहे आणि ईएन १६२१-१ मोटारसायकलस्वारांच्या संरक्षकांसाठी. त्यांचे नाव खो-खोच्या पँटवर टाकणे खोटेपणाचे ठरेल. पालकांनाही आम्ही स्पष्ट सांगतो की हे पॅड खरचटणे आणि थेट मार कमी करते, गुडघा मुरगळला तर त्याचा काही उपयोग नाही.

मापे घेताना केवळ कमरेच्या नंबरावर जाऊ नका. एकाच नंबराच्या दोन मुलांच्या पायांच्या लांबीत बराच फरक असतो आणि त्यातल्या एकाचे पॅड नडगीवर जाऊन बसते, म्हणून आम्ही प्रत्येक नंबरात आखूड आणि लांब असे दोन प्रकार ठेवले आहेत. पॅड साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. मे महिन्यात पत्र्यावर टाकले तर ईव्हीए आकसतो, वाकडा होतो आणि पुन्हा खिशात नीट बसत नाही.