तासभर पाणी

आमच्या गल्लीत नळाला सकाळी तासभर पाणी येतं. 'तासभर' हा शब्द मी जन्मभर वापरत आलो. त्याच्या पोटात एक वाटी दडलेली आहे, हे कळायला मात्र इराणातल्या वाळवंटाच्या कडेचं एक खेडं बघावं लागलं.

गावाचं नाव खरानक. यझ्द शहरातून निघून उत्तरेकडे चकचकच्या झरथुष्ट्री तीर्थाला जाणारी मंडळी वाटेत इथं तासदोनतास उतरतात, तसाच मीही उतरलो. मुंबई-पुण्यात ज्यांच्या हॉटेलांत बसून आपण बनमस्का खाल्ला, त्या इराण्यांचे आजे-पणजे बरेचसे याच यझ्दच्या आसपासच्या खेड्यांतून आलेले. त्यामुळे उगाचच आपण कुणाच्या तरी आजोळी आलोय असं वाटत होतं. खरानकचं जुनं गाव आता ओस पडलंय. कच्च्या विटांची, वरून भुसा मिसळलेल्या चिखलाने लिंपलेली घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली. अर्ध्या घरांचे घुमट खाली आलेले, गल्ल्यांवर कमानी, आत गार अंधार. एक मिनारही आहे, तो म्हणे धक्का दिला की हलतो. मी हात लावला नाही. हलला असता तर पंचाईत, आणि हलला नसता तर वाईट वाटलं असतं. माणसं शेजारीच नव्या घरांत राहायला गेलीत, तिथं वीज आहे, नळ आहे.

एका पडक्या गच्चीच्या काठावरून खाली बघितलं आणि चक्रावलो. चहूकडे करडे, भाजलेले डोंगर, आणि मधोमध हिरवे वाफे. ते हिरवं हळूहळू विरळ होत नव्हतं, एकदम संपत होतं. अमुक बांधापर्यंत पाणी पोचतं, म्हणून अमुक बांधापर्यंत गाव. यझ्दला वर्षाला 60 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमचे मामा खटाव तालुक्यातले. तिथं याच्या कितीतरी पट पडतो, तरी तालुका दुष्काळी आणि मामा कायम आभाळाकडे तोंड करून.

खाली उतरलो तर एक म्हातारबाबा दारं धरत होते. हातात फावडं, पँट गुडघ्यापर्यंत वर ओढलेली. भरलेल्या वाफ्याचं तोंड मातीच्या दोन ढेकळांनी बुजवलं, पुढच्याचं एका फटक्यात मोडलं आणि पाण्याकडे न बघता पुढे सरकले. पाणी येणारच, बघायचं काय! हुबेहूब मामा. फरक एवढाच की मामा हे सगळं निम्म्या वेळा रात्री दोन वाजता, डोक्याला बॅटरी बांधून करतात, कारण त्या आठवड्यात लाईट रात्रीची असते.

मला फारसी येत नाही, पण ती पूर्ण अनोळखीही वाटत नव्हती. गावाला फारसीत 'देह' म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांतला 'देहझाडा' यातलाच. आठवडा 'हफ्ते', तो आपल्याकडे हप्ता होऊन दर महिन्याला दाराशी उभा राहतो. डाळिंब 'अनार', ते आपण दिवाळीत अंगणात उडवतो. या भांडवलावर मी बाबांशी बोलायचा प्रयत्न केला आणि मग निमूटपणे टॅक्सीवाल्याला मध्ये घातलं. पाणी किती वेळ तुमचं, असं विचारलं. बाबांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. टॅक्सीवाला म्हणाला, "आता घड्याळ. पूर्वी फेंजान. यझ्दला गेलात की संग्रहालयात बघा."

फेंजान म्हणजे आजच्या फारसीत चहाचा कप. पाण्याच्या पाळीचा आणि कपाचा काय संबंध ते कळेना. परतीच्या रस्त्यात माळावर उंदरांनी उकरावेत तसे मातीचे गोल ढीग ओळीने दिसत होते. प्रत्येक ढिगाच्या मधोमध भोक. ती कनाताची, म्हणजे जमिनीखालच्या पाटाची, तोंडं. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खोदायची. मग गावाकडून तिच्याकडे जमिनीच्या पोटातून बोगदा न्यायचा, त्याला इतका कमी उतार द्यायचा की पाणी वाहील पण तळ खरवडणार नाही. ती भोकं माती वर काढायला आणि आतल्या माणसाला श्वास घ्यायला. ना मोट, ना पंप, ना रात्रीची लाईट. पाणी स्वतःच्या पायांनी गावात येतं. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला नहर आणली, ती याच कुळातली. गावाचं नाव बदलत राहिलं, पाण्याला त्याचं काही नाही. युनेस्कोने 2016 साली इराणातल्या 11 कनातांना जागतिक वारशात घेतलं. पण गेल्या शतकात खोल विहिरी आणि पंप आले, भूजल खाली गेलं, आणि कितीतरी कनात आटून गेले, हेही तिथंच ऐकायला मिळतं. ही गोष्ट आम्हाला कुणी नव्याने सांगायला नको. मामांच्या शिवारात बोअर मारणाऱ्या गाडीचा आवाज आला की शेजारच्याच्या पोटात गोळा येतो.

असो. फेंजान.

संग्रहालयात काचेमागे तांब्याचं एक मोठं भांडं आणि त्यात छोटी वाटी. वाटीच्या बुडाला बारीक भोक. मी जागीच हसलो. हे तर आमचं घटिकापात्र, पाण्यावर सोडली की भोकातून भरत ठराविक वेळात बुडणारी वाटी! मावसबहिणीच्या लग्नात गुरुजींनी मला त्याच्यासमोर बसवलं होतं. "बुडाली की सांग," एवढंच काम. मी इतका टक लावून बसलो की बुडताना नेमकी शिंक आली. एक घटका म्हणजे 24 मिनिटं, दिवसरात्रीत 60 घटका. घटका भरली, घटका बुडाली, हे सगळं त्या वाटीचंच बोलणं.

आमच्याकडे ती वाटी आता लग्नापुरती उरली आहे, तीही हौस असेल तर. तिथं ती रात्रंदिवस बुडत असे. पाणी वाटून देणारा माणूस, त्याला मीराब म्हणत, भांड्यापाशी बसलेला. वाटी बुडाली की काढायची, रिकामी करून परत सोडायची आणि बाजूला एक खडा ठेवायचा. तुमच्या वाट्याच्या वाट्या झाल्या की पाणी पुढच्या माणसाचं. वाटी केवढी, भोक केवढं, हे ज्या त्या गावाचं. म्हणजे एका गावाचा वेळ दुसऱ्या गावात चालायचा नाही. जमीन एकाची आणि पाणी दुसऱ्याचं असंही असे. पाण्याचे वाटे विकले जात, वारशाने येत, मशिदीला दान दिले जात. मला प्रश्न पडला तो अगदी आपल्या मातीतला. त्या भोकाला कुणी हळूच चिमूटभर मेण लावलं तर? वाटी सावकाश बुडणार, मेव्हण्याच्या शेताला दोन वाफे जादा मिळणार. हे ज्या गावाला सुचलं नसेल असं गाव जगात नाही. म्हणून मीराब विश्वासातला लागे. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी फडांवर, म्हणजे सामाईक पाटाच्या शेतांवर, पाणी वाटून द्यायला पाटकरी लागतो, तसाच.

घरी आल्यावर शब्दकोश उघडला. 'तास' शब्द फारसी. मूळ अर्थ धातूचं पसरट भांडं, वाटी. आपल्याकडे ती टोले द्यायची काशाची थाळी झाली. वेळ झाली की तासावर टोला. मग थाळी गेली आणि नुसती वेळ उरली. मी साठ मिनिटं समजून जे वापरत होतो ते भांडं निघालं. 'तासाभरात येतो' म्हणणारा माणूस कधीच वेळेवर का येत नाही, ते त्या दिवशी कळलं. वाटी ज्याची त्याची.

पुढचं जे केलं ते करायला नको होतं. फडताळातली आईची तांब्याची जुनी वाटी घेतली, खिळा आणि हातोडी घेतली आणि बुडाला भोक पाडलं. सकाळी नळ आला तसा बादलीत सोडली. घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटांत बुडली. म्हणजे तासाला पंधरा वाट्या. मग खड्यांऐवजी चिंचोके घेऊन मोरीत पाटावर बसलो. मागून पिंपं भरणं, बाटल्या भरणं, मशीन लावणं, सगळं चाललं होतं, आणि मी मीराब. बारावा चिंचोका ठेवला आणि नळ खर्रर् करून थांबला.

बाहेर धावलो. पाणी सोडणारे काका कोपऱ्यावर लोखंडी चावी काढून सायकलला अडकवत होते.

"काका, तुमचा तास तीन वाट्यांनी कमी भरला."

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या ओल्या पायजम्याकडे, मग हातातल्या ठिबकणाऱ्या वाटीकडे बघितलं. "खालच्या आळीतून फोन आला होता," म्हणाले आणि पायडल मारलं.

आत आलो तर आई दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"तीन वाट्यांचं राहू दे," ती म्हणाली. "माझी एक वाटी कोण भरून देणार?"