ट्रॅकवर गाडी नेताय? आधी पाना घ्या

रोजची मोटरसायकल पहिल्यांदा रेसिंगच्या ट्रॅकवर न्यायची ठरली की लोक खरेदीला निघतात. एक्झॉस्ट, क्लच न दाबता गिअर बदलणारा क्विकशिफ्टर, रंगीत लिव्हर. ते पैसे खिशातच राहू द्या. या तयारीत बसवायचं थोडं आणि काढायचं जास्त असतं. सकाळी तपासणीला उभा असलेला माणूस गाडी किती पळते ते विचारत नाही. ती पडली तर ट्रॅकवर काय सांडेल आणि काय तुटून पडेल, तेवढंच बघतो.

पुण्यामुंबईकडची बरीच मंडळी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातात. तिथली एक फेरी साधारण ३.७ किलोमीटरची आहे. कोइंबतूरची कारी स्पीडवे लहान, २.१ किलोमीटरची, तीनशे-चारशे सीसीच्या गाडीला तीही भरपूर झाली.

साडी गार्डपासून सुरुवात करा. रस्त्यावर तो कायद्याने लागतो, ट्रॅकवर नुसता अडकतो. आरसे, नंबरप्लेट आणि मेन स्टँड काढा. साइड स्टँड दोन केबल टायने घट्ट आवळा. क्रॅश गार्ड काढायला लोक का-कू करतात. पण घसरत चाललेल्या गाडीचा तो पाइप डांबराच्या कडेला किंवा खडीत रुतला की गाडी कोलांट्या खाते. त्याऐवजी स्लायडर, म्हणजे बाजूला बसवलेला प्लास्टिकचा ठोकळा, असेल तर ती नुसती घसरत जाते.

काचा फुटून पसरू नयेत म्हणून हेडलाइट, टेललाइट आणि इंडिकेटरवर टेप लावतात. इथे एक भारतीय अडचण आहे. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही. हॅलोजनवर टेप मारून गाडी सुरू ठेवली की गोंद वितळून काचेवर चिकटतो, नंतर रॉकेलने घासत बसावं लागतं. त्यामुळे आधी बल्बचा कनेक्टर काढा, मग टेप. मागच्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून ब्रेक लाइटही बंद लागतो. त्याचाही कनेक्टरच काढा, फ्यूज उपटू नका. बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर आणखी काय काय चालतं.

आता इंजिन थंड ठेवणारं कूलंट. त्यातलं ग्लायकॉल वाळत नाही, डांबरावर तेलासारखं पसरून राहतं आणि मागून येणारा त्यावरून जातो. म्हणून बहुतेक आयोजक रेडिएटरमध्ये साधं पाणी मागतात. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडा, वॉटर पंपाखालचा ड्रेन बोल्ट काढा, कूलंटची जादाची टाकी, म्हणजे रिझर्व्हॉयरही रिकामं करा. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, भरा, पंखा एकदा सुरू होईपर्यंत गाडी चालवा. थंड झाल्यावर पातळी खाली गेलेली दिसेल, तेवढं पाणी घाला. पाच लिटरचा कॅन पुरतो.

सगळ्यात जास्त चुका टायरच्या हवेत होतात. ‘ट्रॅकला हवा कमी ठेवायची’ एवढंच ऐकून लोक २२ पीएसआयवर येतात. त्याने टायरची बाजू जास्त मुडपते, रबर नको तेवढं तापतं आणि वळताना गाडी डुलते. कंपनी २९ सांगत असेल तर थंड टायरला २७ पासून सुरुवात करा, आणि हवा पहाटे सावलीत मोजा. चेन्नईच्या उन्हात उभ्या गाडीचा आकडा दोनेक पीएसआय सहज चढतो, म्हणजे खोटा असतो. ट्रॅकवरची एक पाळी संपवून पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागी, आलात की हेल्मेट काढायच्या आधी गेज लावा. तीसेक अंशांनी टायर तापला की हवा चारपाच पीएसआय वाढायला हवी. सात-आठ वाढली तर सुरुवातच फार कमी होती, थोडी भरा. जेमतेम दोन वाढली तर टायर तापतच नाहीये, एखाद पीएसआय सोडून बघा. गेज स्वतःचं न्या आणि दिवसभर तेच वापरा. पंपावरच्या आकड्यावर भरवसा नको.

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं फ्लुइड निदान २३० अंशांवर उकळतं, ओल शोषलेलं १५५ च्या आसपासच. उकळलं की वाफ दाबली जाते, पिस्टन हलत नाही आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. वर्ष उलटलं असेल तर बदलाच. पॅड निम्मेतरी शिल्लक हवेत. चेन मॅन्युअलपेक्षा जास्त ताणू नका. तिला तेल आदल्या रात्री, तेही बेताने; सकाळी मारलेला स्प्रे मागच्या टायरवर उडतो.

पुण्याहून बाराशे किलोमीटर चालवत जायचा मोह टाळा. सरळ हायवेवर टायर मधोमध सपाट झिजतो आणि वळणात नेमकी ती कड बोचते. रेल्वे पार्सलने पाठवता येते. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची प्रत लागते. आणि पॉलिसीचा कागद काढून वाचा: शर्यत आणि वेगचाचणी विम्यातून वगळलेली असते, त्यामुळे पडझडीचा खर्च आपला धरूनच जा.

घरी आल्यावर पाणी काढून कूलंट भरा. नुसत्या पाण्यावर ठेवलेलं इंजिन आतून गंजतं. हवा पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणा, साडी गार्ड बसवा. ब्रेक लाइटचा कनेक्टर मात्र पहिल्यांदा जोडा, तोच हमखास विसरतो.