स्मृती नाही, संस्कार आहे

बेळगावातील एका रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करताना निपाणीकडच्या एका विडी कामगार बाईंची स्मरणशक्ती तपासण्याचा प्रसंग माझ्यावर आला. वर्षभरापूर्वीच्या मेंदूज्वरातून त्या वाचल्या होत्या, पण त्यानंतरचे काहीच त्यांच्या मनात टिकत नव्हते. माझे नाव त्या दर पाच मिनिटांनी नव्याने विचारीत.

मी त्यांना आरशातली चांदणी दिली. हात झाकलेला असतो आणि केवळ आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायची असते. आरशात दिशा उलटत असल्यामुळे धडधाकट माणसाचा हातही प्रथम भलतीकडेच जातो. 1953 मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाचा) मोठा भाग गमावलेल्या हेन्री मोलेसन यांना मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी हीच चांदणी दिली होती, आणि आदल्या दिवशीचे काहीही आठवत नसताना त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला होता. हे मी केवळ वाचलेले होते.

पहिल्या दिवशी बाईंची पेन्सिल प्रत्येक कोपऱ्यावर अडून थरथरत राहिली. तिसऱ्या दिवशी कागद पुढे केला, तेव्हा "असलं मी कवा केलो न्हाई, मला जमायचं न्हाई," असे म्हणत म्हणतच त्यांनी सगळी चांदणी जवळजवळ न चुकता पूर्ण केली.

अबोध मन म्हटले की आपल्याकडे फ्रॉइड आठवतो आणि दडपलेल्या इच्छांचा शोध सुरू होतो. येथे दडपलेले काहीच नव्हते. मला आठवला तो अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह, न्यायदर्शनाचा प्राथमिक ग्रंथ: केवळ संस्कारातून, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशातून, उपजणारे ज्ञान म्हणजे स्मृती. बाईंपाशी संस्कार होता, पण त्यातून ज्ञान उपजत नव्हते. तो परस्पर हातात उतरत होता. (न्यायमतात स्मृती उपजवणारा संस्कार हा आत्म्याचा गुण, हाताचा नव्हे, तेव्हा नैयायिकांनी मला क्षमा करावी.)

सोबत आलेल्या सुनेचे लग्न या आजारानंतर झालेले. सासूबाई तिला रोज "तू कुणाची गं?" असे विचारतात, तरी घोटभर पाणीही तिच्याच हातचे घेतात. निघताना तिने विचारले, "मॅडम, मग आत्या मला वळकत्यात म्हणायचं का न्हाई?"

चांदणीतल्या चुका मोजता येतात; याचे मोजमाप माझ्यापाशी नव्हते. नाव विचाराल तर त्यांना सांगता येणार नाही, असे मी म्हणाले, आणि पाणी मात्र तुम्हीच देत जा.