ब्युरेटचं रीडिंग जास्त का येतं

१९ जानेवारी, रात्री

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की सगळ्या शंका पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनभोवती गोळा होतात. म्हणजे चंबूतल्या ऑक्झॅलिक ॲसिडवर ब्युरेटमधून (खुणा असलेली, तोटीची उभी नळी) परमँगनेट थेंबथेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकेपर्यंत किती मिलि लागलं ते रीडिंग, आणि त्यावरून परमँगनेटची तीव्रता काढायची. आजही तेच. कुणाचं रीडिंग जुळत नाही, कुणाचं द्रावण तपकिरी होतं, कुणाचं गणित भलतंच उत्तर देतं. तिन्हींचं मूळ मात्र एकच दिसतं. मुलांना कृती पाठ असते, पण या क्षणी चंबूत नेमकं काय आहे ते विचारलं की गप्प.

तपकिरी रंगाचं आधी लिहून ठेवतो, कारण तो प्रश्न सर्वांत जास्त येतो. १० मिलि ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात साधारण तेवढंच विरल सल्फ्युरिक ॲसिड, ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं आणि मग ब्युरेटमधून परमँगनेट सोडायचं. ॲसिड भरपूर असेल तर परमँगनेटमधलं मँगनीज +७ या ऑक्सिडेशन अवस्थेवरून थेट +२ वर येतं, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतं, आणि रंग जातो. ॲसिड कमी पडलं, द्रावण गार झालं किंवा परमँगनेट धार लावून ओतलं, तर मँगनीज +४ वरच अडकतं. तोच तो मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा. तिथे तीनच इलेक्ट्रॉन घेतले जातात, म्हणून परमँगनेट जास्त लागतं. वरून ॲसिड ओतून आणि पुन्हा तापवून गढूळपणा कधी कधी जातोही, पण त्या रीडिंगवर विश्वास ठेवू नये. चंबू धुवून पुन्हा सुरुवात करावी.

पहिले काही थेंब रंग सोडायला वेळ घेतात आणि मुलं घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. ही अभिक्रिया तयार होणाऱ्या मँगनीज +२ आयनांमुळेच वेग घेते. सुरुवातीला ते जवळजवळ नसतातच. पहिला थेंब टाकून चंबू हलवत थांबायचं, रंग गेला की पुढचा. घाई नडते ती इथेच.

सल्फ्युरिकच का, हा तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडचं क्लोरीन करण्यातही खर्च होतं, म्हणून रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक, ते ऑक्झॅलिकचा वाटा खातं, म्हणून रीडिंग घटतं. ‘योग्य नाही म्हणून’ असं उत्तर देण्यापेक्षा रीडिंग कुठल्या बाजूला सरकेल ते सांगितलं, तर परीक्षकाला पुढे विचारायला फारसं उरत नाही.

हीच सवय बाकीच्या चुकांनाही लावावी. ब्युरेट परमँगनेटने न खंगाळता फक्त पाण्याने धुतली, तर आतल्या पाण्याने परमँगनेट पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. चंबू ऑक्झॅलिकने खंगाळला तरी वाढतं. चंबूला फक्त डिस्टिल्ड वॉटर. पिपेटच्या (ऑक्झॅलिक मोजून घ्यायची नळी) टोकाला राहिलेला थेंब फुंकून पाडला, पुन्हा वाढतं. नळीच्या टोकातला हवेचा बुडबुडा मधेच निघून गेला, वाढतंच. उलट पिपेट नुसती पाण्याने धुतली तर घटतं. एकूण पाहता हाताच्या बहुतेक चुका रीडिंग वरच ढकलतात. त्यामुळे शेजाऱ्यापेक्षा आपलं रीडिंग मोठं आलं, तर आधी हीच ठिकाणं तपासावीत.

परमँगनेट गडद असल्याने द्रवाच्या पृष्ठभागाची खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरच्या कडेवर, डोळा समपातळीत ठेवून वाचायचं. ब्युरेटवर ०.१ मिलिच्या खुणा असताना जर्नलमध्ये ९.८३ लिहिणारेही भेटतात. तिन्ही वेळा ९.८ येणं छानच, पण ९.८, ९.९, ९.८ यात लाजण्यासारखं काही नाही. आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. नंतर तो हळूहळू जाणारच. गेला म्हणून आणखी थेंब टाकायचे नाहीत.

आता गणित. इथे सर्वांत जास्त गुण जातात आणि कारण दर वेळी एकच असतं: दोन्ही बाजूंचं मोलॅरिटी (लिटरमधले मोल) गुणिले आकारमान सरळ सारखं धरायचं. परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्झॅलिक दोन देतं, म्हणून दोन मोल परमँगनेटला पाच मोल ऑक्झॅलिक. ०.०५ मोलर ऑक्झॅलिकचे १० मिलि म्हणजे ०.०००५ मोल. त्याला परमँगनेट लागतं ०.०००२ मोल. रीडिंग ९.८ मिलि असेल तर ०.०००२ भागिले ०.००९८, म्हणजे ०.०२०४ मोलर. परमँगनेटच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे १५८ ने, गुणलं की लिटरला सुमारे ३.२२ ग्रॅम. गुणोत्तर विसरणाऱ्याचं उत्तर ०.०५१ येतं, अडीचपट. ऑक्झॅलिकऐवजी मोहर सॉल्ट (लोहाचा क्षार) असेल तर हेच गुणोत्तर लावू नये. तिथे लोह एकच इलेक्ट्रॉन देतं, म्हणून एकास पाच. शिवाय ते द्रावण तापवायचं नाही, हवेने लोह आधीच ऑक्सिडाइज होतं.

जुन्या पद्धतीने नॉर्मॅलिटीत, म्हणजे देवघेवीचे इलेक्ट्रॉन धरून मोजलेल्या तीव्रतेत, गणित केलं तर पाच आणि दोन आपोआप मिसळले जातात. पद्धत चुकीची नाही. पण बाटलीवर मोलर आणि वहीत नॉर्मल असा घोळ झाला की सुटत नाही. एकच धरावं.

वजनाचीही एक गफलत. बाटलीतल्या ऑक्झॅलिकच्या स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून मोलर वस्तुमान १२६ धरायचं, ९० नाही. १०० मिलि ०.०५ मोलर द्रावणाला ०.६३ ग्रॅम. ९० धरून ०.४५ ग्रॅम घेतलं, तर द्रावण होतं जेमतेम ०.०३६ मोलर.

काम संपल्यावर ब्युरेट लगेच धुवावी. तपकिरी थर बसलाच, तर उरलेलं ऑक्झॅलिक थोड्या विरल सल्फ्युरिकसह आत फिरवलं की तो विरघळतो, आणि मग भरपूर पाणी.