नावाला कंस

आमच्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात मात्र तलाठीच. आणि कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांत, दोन-तीन म्हातारे असे आहेत, की समोर बाई बसलेली दिसत असूनही "भाऊसाहेब, उतारा पायजे हुता" म्हणतात. पहिली दोन वर्षं मी त्यांना दुरुस्त करायचे. नंतर सोडून दिलं.

त्या वारस नोंदीची सुरुवात पेढ्यांनी झाली. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा अर्ध्या किलोचा पुडा टेबलावर ठेवून एका शेतकऱ्याने वडिलांचा मृत्यू दाखला, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. जमीन १ हेक्टर ६२ आर, म्हणजे चार एकर धरा. वारस दोन, मयताची पत्नी आणि मुलगा. 'इतर कोणीही वारस नाही', खाली सही. पुडा मी त्याच्या पिशवीत परत ठेवत होते, तेवढ्यात दारातून कोतवाल म्हणाला, "चार बहिनी हायत की ह्याला."

गडी ओशाळला नाही. ओशाळण्यासारखं आपण काही केलंय असं त्याला वाटतच नव्हतं. खोटं कशाला सांगू, असली अर्धी प्रतिज्ञापत्रं आणणारे बरेचजण ती इतक्याच निर्मळ मनाने आणतात.

"त्यांची लग्नं झाल्यात मॅडम. चौघींची बी चौऱ्याण्णवच्या आधी. त्येंना हक्क न्हाई म्हंत्यात."

हे 'चौऱ्याण्णव' आमच्याकडे पारावर पाठ असतं. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. लोकांनी तेवढंच धरून ठेवलं. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची ती अट गेली, ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने 'हा हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही' असा निकाल दिला, हे पारापर्यंत पोचलेलं नाही. वडिलांच्या स्वतःच्या वाट्याला तर मुलगी १९५६ च्या कायद्यापासूनच वारस आहे. त्याच्यापुढे मी हा पाढा वाचला नाही. एवढंच म्हटलं, "कुणाचा हिस्सा किती, हे मी ठरवत नाही. वारस किती, ते लिहिते. ते सहा आहेत."

"मग लावा की नावं. त्या काय घेनार हायत व्हय? लगीच हक्कसोड देत्याल."

यात चूक काहीच नव्हतं. बहिणी हक्कसोड देतातच. जमिनीच्या बदल्यात काय मिळतं? दिवाळीची साडी, एखाद्या उन्हाळ्यात आठ दिवस राहणं, आणि सासरी भांडण झालं तर 'मला भाऊ आहे' असं म्हणता येणं. त्या शेवटच्या वाक्यासाठी बायका एकरच्या एकर सोडतात. मी स्वतः सोडलं आहे. २०१६ साली, तलाठी असताना, वरचे सगळे कायदे तोंडपाठ असताना. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मशीनवर अंगठा ठेवला, फोटो काढला, बाहेर येऊन भावाने भेळ खाऊ घातली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

नोंद अडली ती चौथ्या बहिणीपाशी. आधार कार्डावर सुमन, आणि भाऊ सांगत होता माहेरचं नाव नकुसा. दोन्ही नावांची बाई एकच हे दाखवायला कागद हवा. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. पिवळं पडलेलं पान, तिरक्या निळ्या अक्षरात 'नकुसा'. दुसरी पास. तिसरीत नाव कमी, कारण 'सतत गैरहजर'.

साताऱ्याच्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात असल्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली होती. या बाई तेव्हाच चाळिशी ओलांडलेल्या. त्यांचं नाव त्याच्या कितीतरी आधी, लग्नात नवऱ्याने तांदळात अंगठीने लिहून बदललं होतं. तेही त्यांना विचारून नाहीच.

नोंद धरली, कुणाची हरकत आहे का म्हणून नमुना नऊच्या नोटिसा गेल्या, पंधरा दिवस झाले, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, प्रमाणित केला. जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता, लोकांची घेवड्याच्या पेरणीची गडबड. अशात एका सकाळी तो भाऊ चारही बहिणींना जीपमध्ये घालून चावडीवर घेऊन आला. नवा सातबारा घ्यायचा आणि तसंच कोरेगावला जाऊन हक्कसोड नोंदवायचं, असा बेत. जीपचं भाडं ठरलेलं, दुपारचं जेवण ठरलेलं. तिघी थोरल्या बाकावर बसल्या. नकुसाबाई पुसेगावच्या बाजूने येतात, त्या उभ्याच. हाताच्या बोटांना खुरपणीच्या भेगा, त्यात काळं साठलेलं.

उतारा प्रिंटरमधून निघाला तसा भावाने हात पुढे केला. त्याच्या आधी त्या म्हणाल्या, "बाई, माझं कुठं लिव्हलंय?"

मी दाखवलं. 'नकुसा ऊर्फ सुमन', पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव. त्यांनी अक्षरांखालून बोट नेलं. न-कु-सा. दुसरीपर्यंतचं वाचन तेवढ्याला पुरलं. मग पुन्हा पहिल्यापासून. कागदावर मातीचा एक पुसट पट्टा उमटला.

"आता ह्ये सोडलं, की ह्या नावाचं काय हुतं?"

"कंस होतो."

"म्हंजे?"

आमच्या कामात हा रोजचा शब्द आहे. हक्क संपला की नावाला कंस करायचा. (देवकीच्या भावाचंही नाव तेच होतं, हे मला त्या दिवसाआधी कधी सुचलं नव्हतं.) रद्दी कागदावर मी त्यांचं नाव लिहिलं आणि दोन्ही बाजूंना दोन वाकड्या रेघा ओढल्या.

त्यांनी कागद लांब धरून पाहिला. "कोंडल्यागत दिसतंय."

"आन परत काडता येतं का?" त्यांनीच विचारलं.

"नाही. एकदा नोंदवून दिलं की दिलं."

"मग मी न्हाई देत."

आवाज चढवला नाही. 'आज मला ताक नको' म्हणावं तसं म्हणाल्या. बाकावरची थोरली आधी हसली, मग दबक्या आवाजात, "नके, गप. लोकं बगत्यात." भाऊ माझ्याकडे वळला. त्याला वाटलं मीच काही शिकवलं. मग तिच्याकडे.

"आक्का, दाजीनं भरवलं व्हय तुला?"

"दाजी मुंबईत माथाडी हुता तवाबी मला काय भरवत न्हवता. मी हितं आल्याली त्याला ठावं न्हाई."

"दिवाळी, पंचमी, कशाला कमी केलं का म्या कदी?"

"न्हाई केलंस."

"मग?"

त्या थोडा वेळ उताऱ्याकडेच बघत राहिल्या. "आप्पा, तू यावास म्हनून माझं नाव नकुसा ठिवलं. तू आलास. जन्मभर त्या नावानं हाका ऐकल्या, पोरींची थट्टा ऐकली. तुज्यासाटी माझं येवडं देऊन झालंय. आता आनि कितीदा देऊ?"

चावडीत पिकाच्या कर्जाला उतारे न्यायला आलेले आठ-दहा जण होते. कोतवालाने उगाच पंख्याचं बटण खालीवर केलं. लाईट गेलेली होती. भाऊ काही बोलला नाही, बाहेर जाऊन जीपला टेकून उभा राहिला. मला त्याचाही राग येईना. त्याने तरी ते नाव कुठे ठेवलं होतं?

मी अधिकारी म्हणून जेवढं बोलायला हवं तेवढं बोलले. हक्कसोड ऐच्छिक आहे, आज दिलं नाही म्हणून नोंद बिघडत नाही, घाई नको. हे बोलताना आतून कुणीतरी विचारत होतं, की २०१६ साली हे तुला कुणी सांगितलं होतं? आणि सांगितलं असतं तर?

जीप त्या दिवशी कोरेगावला गेली नाही. पुढच्या महिन्यात तिघी थोरल्यांनी हक्कसोड नोंदवून दिलं. मधलीने सही करण्याआधी मला फोन करून "कंस लगीच हुतो का?" एवढं विचारलं, पण दिलं. त्यांच्या नावांचा फेरफार मीच धरला. चौथं नाव तसंच आहे, आईच्या नावाखाली.

गावात महिनाभर चर्चा झाली. 'तलाठी बाईनं बहिनीला फितवलं' हेही कानावर आलं. एकाने नातेवाइकाच्या वारस नोंदीला मुद्दाम मी रजेवर असतानाचा दिवस निवडला. चाललंय.

नकुसाबाई दिवाळीनंतर आल्या होत्या. पेरणीच्या वेळी बियाण्याचा अर्धा खर्च त्यांनी देऊ केला होता, भावाने घेतला नव्हता. वर्षाचा घेवडा मात्र त्याने एक पायली पाठवला. आणि मग त्यांना नवऱ्याच्या जमिनीबद्दल विचारायचं होतं, 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून काही असतं म्हणे. असतं, १९९२ पासून आहे. नवऱ्याने अर्ज केला तर तो हयात असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. माझ्याकडे असले अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आलेत. अर्जात काय लिहायचं ते मी सांगितलं, तिकडच्या तलाठ्याकडे जा म्हटलं.

"भाऊबीजेला बोलावणं आलं का?" माझ्याच्यानं राहवलं नाही.

"न्हाई आलं."

"मग?"

"मग काय, मीच गेले. निरंजन पिशवीत घालून. पाट टाकला वैनीनं."

"बसला?"

"बसला की."

ताटात त्याने काय टाकलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पुसेगावची एसटी चुकेल म्हणून उठल्या.